कट, पण मिसळीचा नव्हे

मुलांनो, परवा मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला : कट. आणि विचारलं, "सांगा बरं, याचा अर्थ काय?"

पहिला हात पुढच्या बाकावरून वर आला. "बाई, मिसळीवर घालतात तो!" आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. इथं मिसळीवरच्या झणझणीत रश्श्याला कट म्हणतात. दुपारच्या सुट्टीला अर्धा तास राहिलेला, त्यामुळे हा अर्थ पहिला येणार हे मला ठाऊकच होतं. दुसरी म्हणाली, "होळीला आमटी करतात ना, ती कटाची." बरोबर. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवायची आणि वरचं पाणी निथळून घ्यायचं, तोही कटच. तिसऱ्यानं इतिहासाच्या पुस्तकातला कट काढला, शत्रूनं रचलेला. चौथ्यानं केसांचा. पाचवीनं फोनचा, "बाई, आजी बोलता बोलता फोन कट करते." एक जण हळूच म्हणाला, "पगार कट." त्याचे वडील कारखान्यात आहेत.

आणि मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "पिच्चरमधला! लाइट, कॅमेरा, ॲक्शन... कट!"

आपल्या या पानावर दर आठवड्याला आपण एक शब्द उचलतो, उलटासुलटा करून बघतो. आजचा शब्द हाच. मिसळ राहू द्या बाजूला. (वाईट मलाही वाटतंय.)

सिनेमाचं शूटिंग चालू असतं तेव्हा दिग्दर्शक ओरडतो, "कट!" म्हणजे थांबा. नटांनी अभिनय थांबवायचा, कॅमेरा बंद करायचा. हा शब्द उच्चारायचा मान दिग्दर्शकाचा. समजा, नट वाक्य विसरला, पडला, त्याला शिंक आली, तरी "कट" ऐकू येईपर्यंत त्यानं काम चालूच ठेवायचं असतं. तुमच्याकडे स्नेहसंमेलनात कसं होतं? वाक्य विसरलं की आपण जीभ चावतो आणि बाईंकडे बघतो. तसं तिथं चालत नाही. कधी कधी त्या चुकलेल्या क्षणातच काहीतरी छान सापडून जातं आणि चित्रपटात तेच ठेवलं जातं.

तिथं एक पाटी असते, वर पट्टी असलेली. ती कॅमेऱ्यासमोर धरून टॉक् करून वाजवतात. तुम्हाला वाटेल, उगाच ऐट. तसं नाही. चित्र कॅमेऱ्यात उतरतं आणि आवाज पुष्कळदा वेगळ्या यंत्रात. नंतर दोन्ही जुळवायची असतात. पट्टी मिटल्याचं चित्र आणि टॉक् असा आवाज एकमेकांवर बसवले की पुढचं सगळं बोलणं ओठांवर नीट बसतं. पाटीवर दृश्याचा क्रमांक लिहिलेला असतो, तो वेगळा.

पण हा झाला तोंडी कट. खरा कट पुढेच आहे, आणि तो कात्रीचा.

पूर्वी चित्रपट फिल्मवर उतरायचा. पस्तीस मिलिमीटर रुंदीची लांबलचक पट्टी, तिच्यावर ओळीनं छोटी छोटी चित्रं. एका सेकंदाला चोवीस चित्रं. एक फूट पट्टीत सोळा चित्रं मावतात. आता वही काढा आणि गणित करा. एका मिनिटाला किती फूट लागतील? नव्वद. मग अडीच तासांच्या चित्रपटाला? साडेतेरा हजार फूट! म्हणजे चार किलोमीटरांहून जास्त. आमच्या शाळेपासून एस.टी. स्टँडपर्यंत पट्टी अंथरली तरी उरेल. चित्रं मोजलीत तर दोन लाख सोळा हजार. आणि ही फक्त पडद्यावर दिसणारी. शूटिंग त्याच्या कितीतरी पट जास्त केलेलं असतं.

या ढिगाऱ्यातून नेमके तुकडे निवडून ते जोडणाऱ्याला संकलक म्हणतात. एडिटर म्हटलं तरी चालेल. संकलक टेबलाशी बसायचा, पट्टी पुढेमागे फिरवून बघायचा, पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायचा आणि तिथं कापायचा. मग दुसरा तुकडा घ्यायचा आणि त्याला चिकटवायचा. एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो तो जो सांधा, त्यालाच सिनेमाच्या भाषेत कट म्हणतात. गंमत आहे ना? नाव कापण्याचं आणि काम जोडण्याचं! आपल्या गावचे शिंपीकाका नाहीत का, ‘कटिंग झालंय’ म्हणतात तेव्हा सदरा अजून व्हायचाच असतो.

आता पट्टीही गेली आणि ते टेबलही गेलं. सगळं संगणकावर होतं. मोबाइलमध्येसुद्धा होतं. पण तिथंही चित्र कापायच्या जागी कात्रीची खूण असते. कात्री काही गेली नाही.

हा कट सुरुवातीला नव्हताच बरं का. १८९५ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये ल्युमिएर या दोन भावांनी लोकांना तिकीट लावून चलच्चित्रं दाखवली. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, ती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. एकेक चित्र मिनिटभराचंही नव्हतं. कारखान्यातून कामगार बाहेर पडताहेत, बस. कॅमेरा एका जागी उभा, पट्टी संपली की खेळ संपला. कापणार काय आणि जोडणार काय?

मग आला एक जादूगार. खरोखरीचा जादूगार, जॉर्ज मेलिएस. तो पॅरिसच्या रस्त्यावर शूटिंग करत होता आणि कॅमेरा अडकला. मिनिटभर खटपट करून त्यानं तो पुन्हा चालू केला. घरी जाऊन चित्र बघतो तर काय, रस्त्यावरून चाललेली घोड्यांची बस एकदम प्रेत नेणारी गाडी झाली! झालं होतं इतकंच, की कॅमेरा बंद असताना बस पुढे गेली आणि तिच्या जागी ती गाडी आली. ही हकिकत त्यानं स्वतःच सांगितलीय. आता जादूगारच तो, थोडं तिखटमीठ लावलं असेलही. पण १८९६ सालीच त्यानं या युक्तीनं खुर्चीवर बसलेली बाई पडद्यावर गायब करून दाखवली. तुम्हीही ही करून बघू शकता. ताईला खुर्चीवर बसवा, मोबाइल कशावर तरी टेकवून घट्ट ठेवा, चित्रण करा, थांबवा, ताईला उठवा आणि पुन्हा चित्रण करा. दोन तुकडे जोडले की ताई गायब. मोबाइल मात्र केसभरही हलता कामा नये, नाहीतर खुर्चीच नाचते. आमची नाचली होती.

आपले दादासाहेब फाळके! त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस. मोठा चित्रपट काढायच्या आधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवला. रोज थोडं चित्र घ्यायचं आणि थांबायचं. असं महिनाभराहून जास्त. मग ते पडद्यावर लावलं, तर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला! १९१२ सालची ही गोष्ट. आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यासारखी किचकट कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरी करत.

माझी आवडती गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. १९१७ मध्ये फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढला. त्यात राम झाले होते अण्णा साळुंके. आणि सीता? तीही अण्णा साळुंकेच! तेव्हा बायका चित्रपटात काम करायला तयार नसत. हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या साळुंक्यांना फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केलं होतं, आणि इथं तर नवराही तेच आणि बायकोही तेच. नाटकात हे कसं जमणार? राम विंगेत जाऊन लुगडं नेसून येईपर्यंत लोक घरी जातील. पडद्यावर जमतं. राम दाखवायचा. कट. अशोकवनात बसलेली सीता दाखवायची. मधे साळुंक्यांनी कपडे बदलायला तास घेतला की दिवस घेतला, ते त्या सांध्यात गडप होतं. बघणाऱ्याला वाटतं, राम इकडे आणि सीता तिकडे, एकाच वेळी.

इथं जरा थांबा. दोन तुकड्यांच्या मधे काय घडलं ते आपल्याला दिसत नाही. तरी आपल्याला ते दिसल्यासारखं वाटतं. बघणाऱ्याचं डोकं ती फट आपोआप भरून काढतं.

हे रशियातल्या लेव कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाच्या चांगलंच ध्यानात आलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी त्यानं एक प्रयोग केला. एका नटाचा चेहरा घेतला, कोणताही भाव नसलेला, शांत. त्या चेहऱ्याला त्यानं तीन वेगवेगळी दृश्यं जोडली. एकदा सुपाचा वाडगा, एकदा शवपेटीतली मृत बाई, एकदा खेळण्याशी खेळणारी लहान मुलगी. पुदोवकिन या त्याच्या शिष्यानं लिहून ठेवलंय, की लोकांनी त्या नटाच्या अभिनयाची वाहवा केली. सूप बघून कसा विचारात बुडाला! मेलेल्या बाईकडे बघताना केवढं दुःख! मुलीकडे बघताना कसं हसू! आणि चेहरा तिन्ही वेळा तोच, एकाच तुकड्यातला. त्यानं काहीच केलं नव्हतं. जे केलं ते कटनं.

कटचे प्रकार पुष्कळ आहेत. सगळे सांगत बसले तर पान पुरायचं नाही. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात आदिमानव हाडूक आकाशात भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी त्या हाडकाच्या जागी अवकाशयान तरंगताना दिसतं. एका कटमध्ये लाखो वर्षं! आकारानं आकार जुळवला, म्हणून तो मॅच कट. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात तर कात्रीला वेळच नसतो. मैदानाभोवती पुष्कळ कॅमेरे असतात, आत बसलेला दिग्दर्शक कॅमेऱ्याचा नंबर पुकारतो आणि बटण दाबलं जातं. गोलंदाज, कट, फलंदाज, कट, स्टेडियममधले आजोबा. आणि वर्तमानपत्रात वाचता ना, ‘सेन्सॉरनं अमुक कट सुचवले’? तिथं कट म्हणजे काढून टाकायला सांगितलेला भाग.

काही दिग्दर्शकांनी कट न वापरायचाही हट्ट धरला. आल्फ्रेड हिचकॉकनं १९४८ मध्ये ‘रोप’ केला. तेव्हा कॅमेऱ्यात एका वेळी दहाएक मिनिटांचीच फिल्म मावायची. मग तो काय करायचा, रीळ संपत आलं की कॅमेरा एखाद्याच्या कोटाच्या पाठीवर न्यायचा. सगळं काळं. तिथं नवं रीळ सुरू. लबाडच! २००२ मधल्या ‘रशियन आर्क’ या चित्रपटात मात्र लबाडी नाही. सेंट पीटर्सबर्गच्या मोठ्या संग्रहालयात जवळजवळ दीड तास एकाच दमात शूटिंग. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी धडपडलं असतं तर? मला तर विचारानंच घाम फुटतो.

बरं, ही कला शिकायला परदेशीच जावं लागतं असं नाही. पुण्याला जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था आहे. तिथं शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारो’, ‘परिंदा’ असे चित्रपट संकलित केले आणि संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवला. २००० साली त्या गेल्या. पोस्टरवर संकलकाचं नाव बारीक अक्षरांत असतं. यापुढे ते शोधून वाचत जा.

आता, हा शब्द मी आजच का घेतला ते सांगते. सांगायला जरा जड जातंय.

आमच्या शाळेत पाचवीत एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्यानंच "लिहा, पण नाव नको" म्हटलंय. गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी गावातल्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. नऊ सेकंदांचा. खिचडीच्या वेळचा, शाळेच्या आवारातला. हा मुलगा पळत येतो, दुसरीतल्या एका चिमुरड्याची कॉलर मागून धरतो आणि त्याला जोरात मागं ओढून आपटतो. ते पोरगं जमिनीवर, ताटली लांब उडालेली, भोकाड पसरलेलं. वर कुणीतरी विनोदी गाणं लावलेलं. मी तो व्हिडिओ दोनदा बघितला. तीनदा असेल. बघावं तितका राग येत गेला.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्या झाल्या मी त्याला उभं केलं. तो म्हणाला, "बाई, मी..." मी म्हटलं, "मला काही सांगू नकोस, मी डोळ्यांनी बघितलंय." त्याचं मॉनिटरपद काढलं. दुसरीच्या वर्गात नेऊन माफी मागायला लावली. त्या चिमुरड्याला विचारलं, तर तोही म्हणाला, "यानंच पाडलं." खोटं नव्हतं ते. मुलाच्या आईला बोलावून घेतलं. ती ऊसतोडीची हजेरी बुडवून आली, मान खाली घालून माझं ऐकलं आणि गेली. त्यानंतर दोन दिवस तो शाळेतच आला नाही.

चौथ्या दिवशी आमच्या शाळेतले एक सर मोबाइलची मेमरी भरली म्हणून जुने व्हिडिओ पुसत बसले होते. पोषण आहाराची नोंद म्हणून त्यांनी त्या दिवशी चित्रण केलं होतं. "बाई, हे बघा," म्हणाले. मिनिटभराचा तो व्हिडिओ होता आणि आडवा होता. डाव्या कडेला खिचडीवाल्या दोघी मावशी चुलीवरून उतरवलेलं भलंमोठं पातेलं फडक्यात धरून आणताहेत. वाफा निघताहेत. आणि हे दुसरीतलं पोरगं मित्राला जीभ दाखवत, हसत, उलट्या पावलांनी चालत त्या पातेल्याकडेच निघालंय. मावशींना पातेल्याआडून ते दिसत नाही. नळावर ताटली धूत असलेला आमचा मुलगा मान वर करतो, ताटली टाकतो आणि धावतो.

सातवीतल्या मुलांनी सरांच्या मोबाइलवरून तो व्हिडिओ घेतला होता. त्यांनी सुरुवात कापली आणि शेवट कापला. मोबाइलवर उभा बसावा म्हणून दोन्ही बाजूही कापल्या. त्या बाजूंबरोबर पातेलं गेलं. उरला तो नऊ सेकंदांचा आपटण्याचा तुकडा. मी त्या मुलांना बोलावलं. खरं सांगते, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना गंमत करायची होती. त्यातला एक जण बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "बाई, पातेलं ठेवलं असतं तर हसू आलं नसतं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत संकलनाचा धडा मला कुणी इतक्या थोडक्यात शिकवला नव्हता.

त्यांना मी रागावले. पण रागावताना मला माझाच "मला काही सांगू नकोस" आठवत होता. त्यांनी मोबाइलवर कापलं, मी वर्गात उभी राहून कापलं. मावशी तर रोज माझ्यासमोरून जात होत्या. त्यांना एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आईची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेसमोर त्याची मागितली. पूर्ण व्हिडिओ मुलांना दाखवला. तो काय म्हणाला माहितीय? "बाई, मला वाटलं तुम्ही सगळं बघितलंय. तरी मलाच बोलताय." चार दिवस हे पोर असं समजत होतं!

मॉनिटरपद परत दिलं, ते त्यानं घेतलं. पण माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला त्याला महिना लागला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्यानंतर आम्ही शाळेत कुलेशोवचा प्रयोग केला. त्या सातवीच्या मुलांच्या जोडीला मी मुद्दाम यालाच बसवलं. मुख्याध्यापक सरांना म्हटलं, "सर, दहा सेकंद भिंतीकडे बघत बसा, काही करू नका." सर बसले. मग मुलांनी गरम खिचडीची ताटली टिपली, कौलांवर अडकलेला फुटबॉल टिपला आणि शाळेसमोरच्या तोडलेल्या लिंबाचा बुंधा टिपला. रस्ता रुंद करताना ते झाड गेलं होतं. सरांचा तोच चेहरा तिन्ही दृश्यांना जोडला आणि तिसरीच्या वर्गाला दाखवला. पोरं म्हणाली, "सरांना भूक लागलीय." "सर आता कुणाला तरी मारणार." बुंध्याच्या वेळी वर्ग एकदम शांत झाला. मागून एक मुलगी म्हणाली, "सरांना रडू येतंय." सर दारात उभे राहून बघत होते. मला हळूच म्हणाले, "बाई, मी तर घरचा गॅस बंद केला की नाही ते आठवत होतो."

तुम्हीही करून बघा. आजोबांचा चेहरा उत्तम. आजोबांना मात्र आधी विचारा, आणि नंतर दाखवा.

आमचा हा छोटा चित्रपट सगळा मिळून दोन मिनिटांचा झाला. शेवट कुठं करायचा यावर मुलांची जुंपली. सातवीची मुलं म्हणत होती बुंध्यावर संपवू, मस्त वाटतं. आमच्या पाचवीच्या गड्यानं ऐकलं नाही. त्यानं शेवटी सरांचा तो तुकडा अख्खा जोडला, न कापता. सर भिंतीकडे बघताहेत, नाक खाजवताहेत, आणि दहा सेकंद संपल्यावर विचारताहेत, "झालं का रे?"

"हे काढायचं नाही," म्हणाला. आम्ही काढलं नाही.

पुढच्या आठवड्याचा शब्द : डबिंग.